दहाच्या खाली

४ जानेवारी १९८३

सात! रुखमाच्या अंगात रक्त सात! पुन्हा तोच आकडा आमच्या घरात आला.

भंडाऱ्याच्या दवाखान्यात आज दुपारी तपासलं. तपासणारा माणूस बोटाला टोचतो, रक्ताचा थेंब बारीक नळीत ओढतो, मग वरून थेंब थेंब पाणी टाकत जातो. शेजारच्या काचेचा तपकिरी रंग आणि नळीतला रंग एकसारखा होईपर्यंत. ज्याचं रक्त चांगलं त्याच्या नळीत पाणी पुष्कळ मावतं. माझ्या लेकीच्या नळीत त्याने जरासं पाणी टाकलं आणि हात थांबवला. म्हणाला, "सात." लगेच पुढच्याला हाक मारली. जसं काही चपलेचं माप घेतलं!

रुखमा तिशीची. दोन पोरं. वर्षभर तिचा महिना आला की थांबतच नाही. गर्भाशयात गाठ आहे म्हणतात, पिशवी काढावी लागेल. लोहाच्या गोळ्यांनी रक्त थोडं चढतं, महिना आला की सगळं वाहून जातं. विहिरीतून उपसा चालू आणि वरून लोटाभर पाणी ओतायचं, असला प्रकार.

मोठे डॉक्टर म्हणाले, पुढचा महिना यायच्या आत ऑपरेशन करू. रक्ताची एक बाटली हाताशी असली तर बरं. आणि कागद पाहून म्हणाले, "गट जरा अवघड आहे हो. बी निगेटिव्ह."

मला सांगायची गरज नव्हती. तिच्या बापाचा तोच होता.

५ जानेवारी

काल लिहिता लिहिता थांबले. आज लिहून टाकते. एकदाच.

हे – सेवकराम – तुमसरला राईस मिलमध्ये फिटर होते. १९७४चा डिसेंबर. पोटात जखम होती, संडासला काळं पडायचं, मग एक दिवस तोंडातून रक्त आलं. दवाखान्यात नेलं. त्या दवाखान्याचं नाव मी या पानावर लिहिणार नाही. आठ वर्षं तोंडातूनही काढलं नाही. तिथे सांगितलं – सात आहे. दहा झाल्याशिवाय भूल देता येत नाही. रक्त आणा.

दहा म्हणजे काय? दहा काय? शेर? तोळा? तेव्हा मला विचारायचंसुद्धा कळलं नाही. चौथी शिकलेली बाई. मान डोलावली फक्त!

माझं रक्त जुळलं नाही. यांच्या धाकट्या भावाचं जुळलं. भैय्यालाल भावजी. त्याच मिलमध्ये हमाल. गट जुळला म्हटल्यावर मी तिथल्या तिथे जमिनीला डोकं टेकलं. त्यांना आतल्या खोलीत नेलं. मी दाराशी उभी. थोड्या वेळाने बाहेर आले ते सदऱ्याची बाही खाली करत. पांढरेफटक पडले होते – भीतीने! माझ्याकडे पाहिलं नाही. "वयनी, मी येतो," म्हणाले.

आणि गेले. एस.टी. धरून तुमसरला गेले!

यांनी दोन दिवस वाट पाहिली. "भैय्या आला का?" दर वेळी दार वाजलं की तेच. ऑपरेशनच्या टेबलावर नाही मेले ते. खाटेवर मेले. कोणी सुरी लावलीच नाही.

तेरवीच्या पंगतीत भावजी जेवायला बसले होते. मी सगळ्यांच्या देखत बोलले – भावाले रक्त द्यायले भेला, तो मानूस माह्या दारात नाही पाहिजे. भावजींनी हातातला घास पत्रावळीवर ठेवला. उठले. गेले. एक शब्द नाही! एक शब्द बोलले असते तर मी निदान भांडले असते.

एकाच गावात राहतो. ते पोती वाहतात मिलमध्ये, मी ब्लाऊज शिवते घरात. बाजारात दिसले तर मी रस्ता बदलते. आठ वर्षं झाली.

झालं लिहून.

६ जानेवारी

एक राहिलं. यांच्या मागेच मी वाचायला लागले. म्हणजे खरं वाचायला. रुखमाचं आठवीचं शास्त्राचं पुस्तक फळीवर पडलं होतं, त्यात हृदयाचं चित्र होतं. मग वाचनालयातली पुस्तकं – शरीराची, रोगांची, जे असेल ते. दहा म्हणजे काय हे मला कळायला हवं होतं. रक्तातला लाल कण हवा वाहून नेतो, एवढं कळलं. दहाच का, नऊ का नाही – हे कुठल्याच पुस्तकात सापडलं नाही.

९ जानेवारी

टेकचंद नागपूरला जाऊन आला. जावई माणूस शांत, नाकाडोंगरीकडे खाणीत नोकरी, धुळीने सदा खोकतो. नागपूरच्या रक्तपेढीने एक बाटली कबूल केली आहे. तेराच्या सकाळी ऑपरेशन, आदल्या दिवशी बाटली येईल.

चहा घेताना बशीकडे बघत बोलला, "आई, एक गोष्ट म्हनू? काकाजीचा गट जुळते ना? त्याहिले विचारलं तर –"

"त्या मानसाचं नाव ह्या घरात काढू नका!"

बिचाऱ्याने चहा अर्धा ठेवला. मागून वाईट वाटलं. पण नाव काढू नये म्हणजे नये.

११ जानेवारी

भरती केलं. खिडकीजवळची खाट मिळाली. रुखमाची नखं पाहिली – कागदासारखी.

१३ जानेवारी

काय करू या बाईचं! काय करू!

रुखमाची सासू, सत्यभामाबाई. मनाने वाईट नाही. वाईट असती तर बरं झालं असतं, सरळ भांडता आलं असतं. सकाळी मी नळावर गेले होते. परत आले तर ट्रॉलीवाला उभा, रुखमा ट्रॉलीवर, आणि भुलीच्या डॉक्टरीणबाई विचारतायत, "सकाळपासून काही खाल्लं-प्यायलं नाही ना?" रुखमा सासूकडे बघते. पुन्हा विचारलं. तेव्हा हळूच म्हणते, "पेज."

"काय?"

"पेज देल्ली आत्याबाईनं. वाटीभर. अन थोडा गूळ."

मी सत्यभामाबाईंकडे पाहिलं. डबा पदराखाली!

"मंग काय करू?" म्हणाली. "पोरीच्या अंगात रक्त नाही म्हन्ता, अन वरून उपाशी ठेवता! आमच्याकडं बैलालेही जोतावर नेतानी काहीतरी घालते मानूस."

"तुम्हाले सांगतलं होतं, पानी बी नाही द्याचं!"

"पानी कुठं देल्लं? पेज देल्ली!"

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत, ओरडल्याही नाहीत. डॉ. बारापात्रे त्यांचं नाव. चाळिशीच्या, कपाळ रुंद, पायात साध्या चपला. खाली बसून सत्यभामाबाईंना समजावलं – भूल दिली की माणसाला गिळायचं भान राहत नाही, पोटातली पेज वर आली तर सरळ छातीत जाते, माणूस आपल्याच पेजेत बुडतो. सत्यभामाबाईंचा चेहरा उतरला. डबा खाटेखाली सरकवला.

आज ऑपरेशन नाही. आणि संध्याकाळी कळलं – काल आलेली आपली बाटलीही गेली. एका बाळंतिणीला लागली. ती वाचली, पोरही वाचलं. तिचा राग करता येत नाही, म्हणून आणखी राग येतो.

१४ जानेवारी

संक्रांत. तीळ आणले नाहीत. गोड बोलायची आज माझी तयारी नाही.

१५ जानेवारी

आज डॉ. बारापात्रेबाईंशी भांडले. डॉक्टरशी! आयुष्यात पहिल्यांदा.

सत्यभामाबाई तुमसरला गेल्या, बाजार करून येते म्हणाल्या. मी रुखमाचं डोकं विंचरत होते. डॉक्टरीणबाई आल्या, तिच्या पापण्या खाली ओढून पाहिल्या, नाडी पाहिली. म्हणाल्या, "नागपूरला दुसरी बाटली नाही. कधी येईल सांगता येत नाही. हिचा महिना आठ-दहा दिवसांवर आला. आला की सातचं पाच होईल. मी बाटलीशिवाय घ्यायला तयार आहे. मंगळवारी."

मी म्हटलं, "सातावर?"

"सातावर."

कंगवा हातातून पडला. "तेव्हा दहा लागत होतं," म्हटलं. "आता सात कसं चालतं? आकडा उतरला? भाव उतरला बाजारात?"

त्यांनी विचारलं, तेव्हा म्हणजे कधी? मी सांगितलं. उभ्या उभ्या सगळं सांगितलं. वॉर्डातल्या बाया उठून बसल्या. मला काही लाज वाटली नाही.

बाई खाटेच्या कडेला बसल्या. म्हणाल्या, "तुमचे यजमान मिलमध्ये होते ना? मग मिलचंच घ्या. रक्तातले लाल कण म्हणजे हमाल. छातीतून हवा उचलायची, अंगभर पोचवायची. हमाल कमी झाले तर मिल बंद पडते का?"

"नाही. फेऱ्या वाढवते लोक."

"तेच. हृदय जोरात चालतं, फेऱ्या वाढतात. रक्त पातळ झालेलं असतं, म्हणून पळतंही सोपं. आणि दुसरं – तुमचा-माझा हमाल चार पोती घेऊन निघतो, एकच उतरवतो, तीन तशीच परत आणतो. अंगाला गरज पडली की दोन उतरवून घेतं. म्हणजे शिल्लक असते. रुखमाचं रक्त एका दिवसात नाही उतरलं, वर्षभरात उतरलंय. तिच्या अंगाने हे सगळं शिकून घेतलंय. आमचे मूत्रपिंडाचे रोगी सहा-सातावर जगतात, त्यांचीही ऑपरेशनं होतात."

"अन भूल देल्ल्यावर?"

"भुलीत अंग निजतं. निजलेल्या अंगाला हवा कमी लागते, आणि वरून मी तिला नळीने भरपूर देणार. टेबलावर रक्त सांडेल तेवढं सलाइन भरत राहायचं – नळ्या भरलेल्या राहिल्या पाहिजेत, पातळ का होईना. पातळ रक्त सांडलं तर त्यात हमालही कमी सांडतात. धोका नाही असं मी म्हणणार नाही. भूल जड झाली तर हृदय मंद होतं. फेऱ्या वाढवायला गडी निघाला आणि आपणच त्याचे पाय बांधले, असं होतं. म्हणून हलकी भूल, आणि माझं बोट शेवटपर्यंत तिच्या नाडीवर. एकदम खूप रक्त गेलं तर मात्र माझ्या हातात फार काही नाही."

हे सगळं मला कळलं. आठ वर्षं जे पुस्तकात शोधत होते ते एका बाईने खाटेच्या कडेवर बसून सांगितलं. आणि कळलं म्हणूनच अंगाचा भडका उडाला.

"मग दहा कोनं ठरवलं?" मी विचारलं.

त्या म्हणाल्या, "कुणीतरी कधीतरी पुस्तकात लिहिलं. पुढच्यांनी वाचलं. मीसुद्धा तेच शिकले. आकडा गोल आहे, लक्षात राहतो."

गोल आहे! लक्षात राहतो!

"मग माह्या मानसाले थांबवून काहून ठेवलं दोन दिवस?"

बाई म्हणाल्या, "मी तिथे नव्हते. पण तुम्ही सांगता तसं असेल, तर त्यांचं रक्त आत वाहतच होतं. थांबून ते वाढणार नव्हतं, कमीच होणार होतं. मी असते तर घेतलं असतं टेबलावर. वाचले असते असं नाही म्हणत. पण घेतलं असतं."

मी म्हटलं, "जा तुम्ही आता."

डॉक्टरला म्हटलं – जा! आणि त्या गेल्याही.

१६ जानेवारी

दिवसभर कोणाशी बोलले नाही. यांच्याशी बोलत होते मनात. अहो, तुमच्या हमालांजवळ तीन-तीन पोती शिल्लक होती म्हणे. कोणी उतरवून घेतली नाहीत. एका आकड्याने तुम्हाला खाटेवर बांधून ठेवलं, आणि दुसऱ्या बाजूने तुमचा भाऊ पळाला. एकानेही पाऊल पुढे टाकलं असतं तर...

टेकचंद कागद घेऊन आला. सही त्याचीच लागते, पण म्हणतो, "आई, तुमी सांगान तसं." म्हणजे पुन्हा माझ्याच मानेवर! मी सही करा म्हणायचं आणि पोरगी टेबलावर राहिली तर? मी करू नका म्हणायचं आणि ती खाटेवर वाहून गेली तर? तेव्हा थांबणं म्हणजे काय ते पाहिलंय मी. जाणं म्हणजे काय ते पाहिलेलं नाही.

मी रुखमाच्या पायाशी बसून बडबडत होते – तो दवाखाना, तो दहाचा आकडा, हे नागपूरवाले, ती पेज. तिने ऐकून घेतलं. मग म्हणते, "माय, तू कोनाकोनावर रागावून राहिली? टेबलावर त मी जानार आहो."

मी तिच्या पायावरची चादर सारखी केली.

"मले पोराईच्या शाळेत जाता येत नाही आता. चार पावलं चालली का छाती धडधडते. मले करून टाकू दे." मग म्हणाली, "काकाले कोनं सांगतलं का?"

"नाही. अन सांगनार बी नाही."

"बाबाचा भाऊ आहे माय तो."

"म्हनूनच."

टेकचंदला म्हटलं, करा सही.

१७ जानेवारी

तो आला होता. तो! आजपासून अहो-जाहो बंद.

सत्यभामाबाईंचं तोंड! तुमसरच्या बाजारात जाऊन सगळ्यांना सांगून आल्या – सुनेला रक्त मिळत नाही, डॉक्टरीण बिनरक्ताचीच कापणार. मिलमधल्या बायांनी ऐकलं, त्यांच्याकडून त्याने ऐकलं. दुपारी मी वॉर्डाच्या दाराशी उभी, तर जिन्यावरून येताना दिसला. केस पांढरे झालेत. पाठीला पोतं नसतानाही वाकलेला. दहा-बारा पायऱ्या असतील – त्या चढताना दोनदा थांबला. कठड्याला धरून उभा राहिला. पाय मागे ओढत होते, दुसरं काय!

मी वाट अडवली. "कायले आले?"

"रुखमाले रक्त लागते म्हने."

"लागते. मंग? पहाले आले, सुई केवढी मोठी असते?"

खाली पाहून उभा राहिला. धापा टाकत होता. सत्यभामाबाई मध्ये पडल्या, "येऊ द्या ना त्याहिले, आता आले त –"

"तुम्ही गप बसा! तुमची पेज पुरे झाली आमाले!"

तो हळू आवाजात म्हणाला, "वयनी, एकदा पाहू द्या. आता जमलं त जमलं."

"जमलं त जमलं! भाऊ मरत होता तवा नाही जमलं, अन आता जमलं त जमलं!" सगळा वॉर्ड ऐकत होता. ऐकू दे. आठ वर्षांचं साचलेलं होतं. मी म्हटलं, "तुमचे दादा दर वेळी दार वाजलं की विचारत होते, भैय्या आला का. मी सांगत होती, येते. दोन दिवस सांगत होती. मरतानी बी सांगतलं, येते."

त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. मला त्याचं काही वाटलं नाही. खोटं कशाला लिहू, बरं वाटलं.

तो माझ्या बाजूने वळसा घालून तपासणीच्या खोलीत गेला. मी खोलीबाहेरच्या बाकावर बसले. मनात नको नको म्हणत होते, आणि आतून म्हणत होते – असू दे, दे बाबा एक बाटली, मग जन्मभर मी तोंड बंद ठेवीन. रुखमासाठी एवढंही गिळीन.

दार उघडलं.

बाही खाली करत बाहेर आला.

तसाच! अगदी तसाच! पांढराफटक, नजर चुकवत, बाहीची गुंडी लावत. "वयनी, मी येतो," म्हणाला. तेच शब्द! मला वाटलं मी आठ वर्षं मागे जाऊन बसले. तो जिना उतरून गेला. खिडकीतून पाहिलं – एस.टी. स्टँडकडे चालला होता, हळूहळू, एखाद्या म्हाताऱ्यासारखा. उद्या मिल चालू आहे ना, पोती वाहायला पाहिजेत!

तपासणाऱ्या माणसाला विचारायला गेले तर तो खोलीला कडी लावून जेवायला निघून गेला होता. मग म्हटलं, विचारायचं तरी काय. सुई पाहिली आणि पळाला. दुसऱ्यांदा. भावाला एकदा, भावाच्या लेकीला एकदा.

रुखमाने सगळं ऐकलं होतं. भिंतीकडे तोंड करून निजली.

आता कोणी नाही. ती आणि ते बाईंचं बोट, नाडीवरचं. बस्स.

१८ जानेवारी

सकाळी नेली. आज तिच्या पोटात काही नाही – सत्यभामाबाई स्वतः रात्रीपासून राखणीला बसल्या होत्या. कोणाला खाटेजवळ येऊ देईनात, नर्सलाही विचारत होत्या, "हातात काय आहे तुह्या?"

ट्रॉलीवर रुखमाने माझा अंगठा धरला. दाराशी सोडला.

बाकावर बसलो. टेकचंद खोकत होता. मी हृदयाचं ते चित्र आठवत होते, आठवीच्या पुस्तकातलं. फेऱ्या वाढवा रे, म्हणत होते. फेऱ्या वाढवा. देवाचं नाव नाही घेतलं मी. हमालांना विनवत होते!

आतून एक नर्स धावत बाहेर आली. सलाइनच्या दोन बाटल्या घेऊन धावत आत गेली. टेकचंद उभा राहिला. सत्यभामाबाईंनी पदर तोंडात धरला. मला वाटलं – झालं. एकदम गेलं. बाई म्हणाल्या होत्या, एकदम गेलं तर माझ्या हातात फार नाही. मी भिंतीला हात लावून उभी राहिले. भिंत गार होती. एवढंच आठवतं.

मग पुष्कळ वेळाने डॉ. बारापात्रेबाई बाहेर आल्या. टोपीखाली केस घामाने चिकटलेले. म्हणाल्या, "मध्ये जरा रक्त गेलं. नाडी धावली. भूल आणखी हलकी केली, सलाइन सोडलं, तेव्हा नाडी ठिकाणावर आली. आत्ता सहाच्या आसपास असेल. पण चला, ओठ बघा तिचे."

पाहिले. फिके. पण निळे नाहीत. डोळे मिटलेले, कण्हत होती. मी कानाशी म्हटलं, रुखमा. ती म्हणाली, "पेज."

सत्यभामाबाई हसता हसता रडायला लागल्या.

मी नाही रडले. माझी लेक वाचली, मी खाटेचा लोखंडी दांडा धरून उभी होते, आणि मला राग येत होता. आनंद होता, नाही कशी म्हणू. पण त्याच्याखाली राग. सातावर नेली, सहावर आणली, जिवंत! थेंबभर कोणाचं रक्त न घेता! मग तेव्हा? तेव्हा नुसतं टेबलावर घ्यायचं होतं. कोणी बारापात्रेबाई नव्हती तिथे. भाऊ पळाला आणि डॉक्टर आकड्यामागे लपला.

डॉक्टर निदान अनोळखी होता. भावाला माफी नाही. आज तर मुळीच नाही.

२० जानेवारी

रुखमा उठून बसली. भात खाल्ला. टेकचंद खाणीवर गेला. आज लिहिण्यासारखं काही नाही, हेच केवढं!

२२ जानेवारी

सकाळी डॉ. बारापात्रेबाईंनी टाके पाहिले आणि विचारलं, "ऑपरेशनच्या आदल्या दिवशी रक्त द्यायला आलेले गृहस्थ कोण? नाव लिहिलंय, पत्ता नाही. शोधा त्यांना. त्यांचं रक्त घेतलंच नाही, त्यांचंच साडेपाच आहे. रुखमापेक्षा कमी! चेहऱ्यावरून वाटतं वर्षानुवर्षांचं आहे, दहा-बारा वर्षांचंही असेल. जंत असतील, धानाच्या बांधीत अनवाणी राबलेल्यांना असतात. गोळ्यांनी बरं होतं. काम काय करतात ते?"

दहा-बारा वर्षं! म्हणजे तेव्हाही. तशीच उठून स्टँडवर आले, तुमसरची एस.टी. धरली.

मिलच्या फाटकातून रांग चालली होती. मधोमध ते. पाय अनवाणी, पाठीवर पोतं. ओठ मी आज पहिल्यांदा पाहिले. रुखमाच्या ओठांपेक्षा पांढरे.

"भावजी," म्हटलं. "पोतं खाली ठेवा."